आई आणि बाळाचा आहार मोबाइलवर नोंदवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी सेविका, आशाताई, पोषण विषयाच्या विद्यार्थिनी आणि स्वतःच्याच मोबाइलवर नोंद ठेवणाऱ्या नव्या आया, अशा सगळ्यांकडून प्रशिक्षणात आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. अन्नगटांचे नियम मात्र जगभर वापरले जातात तेच.

पोषण ट्रॅकरमध्ये आम्ही रोज माहिती भरतोच. मग आहाराची वेगळी नोंद कशाला?

पोषण ट्रॅकर हे अंगणवाडी सेवांचं सरकारी अ‍ॅप १ मार्च २०२१ पासून सुरू झालं. त्याचा मुख्य भर सेवांवर आहे: हजेरी, गरम ताजा आहार, घरपोच आहाराचं वाटप, वजन-उंची, गृहभेटी. आता तर घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरासुद्धा जुळवावा लागतो. एवढं सगळं भरल्यावर पाकीट तिच्या हातात पडलं हे पक्कं कळतं. ते तिनं खाल्लं का, की घरातल्या चार पोरांत वाटलं गेलं, की म्हशीच्या आंबोणात गेलं, हे त्यातून कळत नाही. आहाराची नोंद नेमकी तिथून पुढे सुरू होते. काल उठल्यापासून आज उठेपर्यंत तिच्या आणि बाळाच्या तोंडात काय गेलं, एवढाच तिचा विषय.

सेविकांना मोबाइलच्या कामाचा वीट का येतो हे आम्हाला माहीत आहे. २०२१ साली राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, त्याला कारणं होती: कमी क्षमतेचे फोन, इंग्रजीतलं अ‍ॅप, आणि दुरुस्तीचा भुर्दंड स्वतःच्या खिशाला. म्हणून आमचं स्पष्ट मत: आहाराची सविस्तर नोंद प्रत्येक लाभार्थीची रोज करायची गोष्टच नाही. थोड्या घरांची, नीट, हाती वेळ ठेवून केलेली नोंद पुरते.

कोणतं अ‍ॅप वापरावं?

तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे, त्यावर ते अवलंबून आहे.

कोणकोणते अन्नगट खाल्ले एवढंच हवं असेल, तर ‘ओडीके’ किंवा ‘कोबो टूलबॉक्स’सारख्या मोफत साधनात मराठी प्रश्नावली तयार करता येते. रेंज नसली तरी ती चालते. याहून झटपट मार्ग म्हणजे ‘डाएट क्वालिटी क्वेश्चनेअर’: ठरावीक पदार्थांची नावं वाचायची, हो-नाही विचारायचं, साधारण पाच मिनिटांत काम उरकतं. किती ग्रॅम खाल्लं आणि त्यातून किती लोह, किती प्रथिनं मिळाली, इथवर जायचं असेल तर ‘इनडेक्स२४’ किंवा ‘इनटेक२४’ या जातीची साधनं लागतात. पहिलं अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातून आलं, दुसरं ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातून. दोन्हींचा गाभा २४ तासांचा आहार आठवून सांगणं हाच आहे. इनटेक२४ची दक्षिण आशियासाठी केलेली आवृत्तीही आहे.

विद्यार्थिनी बहुतेकदा सर्वांत भारी अ‍ॅप निवडतात आणि मग शेवटी अन्नगटच मोजतात. त्यासाठी एवढा खटाटोप नको.

“काल काय खाल्लं?” विचारलं की “नेहमीचंच, भाजी-भाकरी” एवढंच उत्तर मिळतं. पुढे काय करायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि अख्ख्या नोंदीचा कस इथेच लागतो. अ‍ॅप कितीही चांगलं असो, त्यात जातं ते तुमच्या प्रश्नांना मिळालेलं उत्तर.

चांगल्या अ‍ॅपमध्ये एकाच दिवसावरून पाच वेळा हात फिरवायची सोय असते. आधी तिला आठवेल तसं, न अडवता सगळं सांगू द्यायचं. मग सहसा विसरल्या जाणाऱ्या गोष्टी विचारायच्या: चहा, बिस्किट, फळ, चघळलेलं, चाखलेलं. तिसऱ्यांदा वेळ आणि जागा. चौथ्यांदा प्रत्येक पदार्थात काय घातलं होतं, कसा शिजवला, किती वाढून घेतला. आणि शेवटी एकदा, “अजून काही राहिलं का?” अमेरिकेच्या कृषी खात्यानं बसवलेली ही पद्धत आहे, आपल्याकडे ती गप्पांच्या ओघात आली तरच चालते. नमुना पाहा:

“उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं गं?”
“चहा, ताई.”
“नुसताच?”
“दोन बटर होते संगं.”
“मग रानात गेलीस?”
“हो, खुरपायला. भाकरी-पिठलं नेलं होतं. दीड भाकर खाल्ली.”
“तोंडी लावायला?”
“मिरचीचा ठेचा.”
“येताना काही?”
“बांधावरची बोरं खाल्ली की. ती पण सांगायची व्हय?”
“किती असतील?”
“ओंजळभर.”
“आणि रात्री?”
“भात, तुरीची आमटी. आमटी पातळच होती, पाहुणे आले होते.”

आता ‘भाजी-भाकरी’ या उत्तराकडे परत बघा. अख्ख्या दिवसात भाजी नव्हतीच. भाकरीशी खायचं ते सगळं भाजी, या हिशेबानं पिठलंही भाजी झालं. तुम्ही ‘भाजी’वर टिक करून पुढे गेला असता तर न खाल्लेली भाजी नोंदीत आली असती आणि खरोखर खाल्लेली बोरं राहिली असती. “पाहुणे आले होते” हे वाक्यही वाया जाऊ देऊ नका. आमटी वाढवायला पाणी घातलं, डाळ तेवढीच राहिली. शेरा लिहायच्या रकान्यात ते टिपा.

सासूबाई शेजारी बसलेल्या असतात. सून मोकळेपणी बोलत नाही.

त्यांना उठवू नका, त्यांनाही काम द्या. पदार्थ कसा केला, किती डाळ टाकली, किती माणसं जेवली, हे बहुतेक घरांत सासूबाईच नेमकं सांगतात. सुनेनं किती खाल्लं हे मात्र सुनेलाच विचारायचं, आणि ते जमलं तर चुलीपाशी, भांडं हातात घेऊन. “तू कोणाच्या नंतर जेवलीस?” असा थेट प्रश्न घरात वादाचं कारण ठरतो. “तू जेवायला बसलीस तेव्हा टोपात काय काय उरलं होतं?” या प्रश्नातून तेच कळतं आणि कोणी दुखावत नाही.

वाटी केवढी धरायची?

अ‍ॅपमधली वाटी धरू नका, घरातली धरा. बाळाच्या आहाराच्या तक्त्यांत वाटी २५० मिलिलिटरची गृहीत धरलेली असते: सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, ९ ते ११ महिन्यांत अर्धी, वर्ष उलटल्यावर पाऊण ते एक. पण आपल्या मांडणीवरची आमटीची वाटी बरेचदा याच्या निम्मीसुद्धा नसते. तरीही आई “एक वाटी” म्हणाली की अ‍ॅप बिनदिक्कत २५० पकडतं आणि बाळ कागदावर दुप्पट जेवतं.

उपाय सोपा आहे. ज्या वाटीतून भरवलं तीच वाटी मागून घ्या. कालच्या पदार्थाची पातळी आईलाच बोटानं दाखवायला सांगा. तिथपर्यंत पाणी भरा आणि ते मापाच्या भांड्यात ओता. सोबत छोटा वजनकाटा असेल तर आणखी सोपं, पाण्याचा १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम. पळी आणि चमचाही असेच मोजून घ्या. औषधासोबत येणारा ५ मिलिचा चमचा आणि घरातला पोह्यांचा चमचा यांत बराच फरक असतो. एकदा मोजलेली भांडी अ‍ॅपमध्ये त्या घराच्या नावावर साठवता येत असतील तर साठवून टाका, पुढच्या भेटीत पुन्हा मोजत बसावं लागत नाही.

भाकरीला वाटी चालत नाही. तिथे अख्खी, अर्धी, चतकोर, नितकोर हे आपलं जुनं माप उत्तम आहे, फक्त अख्खी भाकरी केवढी ते ठरवायला हवं. वेगवेगळ्या व्यासाच्या कागदी चकत्या कापून पिशवीत ठेवा आणि “तुमची भाकरी यातली कुठली?” असं विचारा. जाडी हातानं दाखवायला सांगा. विदर्भातली पातळ पोळी आणि मराठवाड्यातली ज्वारीची दणकट भाकरी यांना एकाच आकड्यात बसवणारी अ‍ॅप्स आम्ही पाहिली आहेत.

भाताच्या बाबतीत एक खबरदारी: कच्चा की शिजलेला, हे प्रत्येक वेळी लिहा. शिजल्यावर तांदळाचं वजन अडीच ते तीन पट होतं. एवढी एक चूक बाकी सगळ्या मोजमापावर पाणी फिरवते.

आईचे अन्नगट किती आणि कसे मोजायचे?

१५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांसाठी दहा गट आहेत: धान्यं व कंदमुळं, डाळी-कडधान्यं, शेंगदाणे-तीळ-जवस यांसारख्या बिया, दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, अ जीवनसत्त्व देणारी इतर फळं-भाज्या, बाकीच्या भाज्या, बाकीची फळं. दिवसभरात यांपैकी निदान पाच आले तर किमान विविधता साधली असं धरतात. एखाद्या गटातलं १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्लं असेल तर तो गट मोजत नाहीत.

अडचण येते ती आपल्या ताटाशी हे गट जुळवताना. ज्यांवर हमखास वाद होतो त्या गोष्टी अशा. बटाट्याची भाजी ही या हिशेबात भाजी नाही, ती धान्याच्या गटात जाते. म्हणजे बटाटा-पोळी खाल्ली तर गट एकच. आपल्याकडचं पांढऱ्या गराचं रताळंही तिथेच. गाजर, लाल भोपळा, पिकलेला आंबा, पिकलेली पपई हे अ जीवनसत्त्वाच्या गटात, पण कैरी नाही. शेवग्याचा पाला पालेभाजीत आणि शेवग्याची शेंग बाकीच्या भाज्यांत. शेंगदाणा शेंगेतून येत असला तरी तो डाळींत नव्हे, बियांमध्ये मोजायचा. आमटीवर भुरभुरलेली कोथिंबीर, फोडणीतला कढीपत्ता, हिरवी मिरची, लसूण हे चवीपुरतं, त्याचा गट धरायचा नाही. चहातल्या दुधाच्या धारेचंही तसंच. खीर किंवा वाटीभर ताक मात्र दुधाच्या गटात येतं.

शेंगदाण्याच्या कुटाचा प्रश्न खास आपला. भाजीत कूट असतंच, पण किती? अख्ख्या कढईत चार चमचे कूट आणि जेवणारी सहा माणसं असतील तर तिच्या वाट्याला १५ ग्रॅम येत नाही, गट सुटला. दाण्याची आमटी, चिक्की किंवा मूठभर भाजके दाणे असतील तर मोजा. बाळंतिणीचे अळिवाचे, डिंकाचे, मेथीचे लाडू असेच उलगडून लिहा. लाडू हा पदार्थ म्हणून नोंदवला की अ‍ॅप त्याला मिठाईत टाकून मोकळं होतं आणि त्यातलं खोबरं, खारीक, अळीव कुठेच दिसत नाही.

बाळासाठी गट वेगळे का?

कारण ६ ते २३ महिन्यांच्या बाळासाठी आईचं दूध हाच एक स्वतंत्र गट धरला जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या सध्याच्या निकषात एकूण आठ गट आहेत आणि आठांपैकी पाच हवेत. डाळी आणि दाणे इथे एकाच गटात आहेत, पालेभाज्या आणि पिवळी-नारिंगी फळं-भाज्याही एकाच गटात. बाळाला १५ ग्रॅमची अट नाही. दोन चमचे अंडं खाल्लं तरी अंडं मोजलं. आईचा आणि बाळाचा हिशेब एकाच फॉर्मवर उरकणारी माणसं इथे हमखास घसरतात.

जुने अहवाल वाचताना जपा. २००८च्या निकषात सात गटांपैकी चार अशी अट होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, देशात ६ ते २३ महिन्यांच्या फक्त ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. तो आकडा चार गटांच्या मोजणीवर बेतलेला आहे. तुमच्या पाच गटांच्या नोंदीशी त्याची थेट तुलना केली तर गाव उगाच मागे पडलेलं दिसेल.

गटांसोबत किती वेळा भरवलं हेही लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला ६ ते ८ महिन्यांत किमान दोनदा, ९ ते २३ महिन्यांत तीनदा. अंगावर न पिणाऱ्याला दूध धरून चारदा, त्यात निदान एकदा घट्ट किंवा मऊ अन्न हवं.

अंगावरचं दूध किती प्यालं ते कसं लिहायचं?

लिहायचं नाही. किती वेळा पाजलं आणि रात्री पाजलं का, एवढं पुरे. दुधाचं माप काढायचं तर बाळाला पाजण्याआधी आणि नंतर तोलावं लागतं, ते दवाखान्याचं काम. मिनिटं मोजणाऱ्या घड्याळाची अ‍ॅप्स शहरात फार चालतात, पण बारा मिनिटं प्यालं म्हणजे जास्त आणि सात मिनिटं प्यालं म्हणजे कमी असं काही नसतं. दूध पुरतंय का हे दिवसाला सहा किंवा जास्त वेळा झालेल्या शूवरून आणि वाढत्या वजनावरून कळतं.

घुटी, मध, ग्राइप वॉटर, चमचाभर पाणी, हे नोंदवायचं का?

सगळं नोंदवायचं, आणि कपाळावर आठी न आणता. सहा महिन्यांखालच्या बाळाला काल आईच्या दुधाशिवाय काहीही दिलं असेल तर ते ‘निव्वळ स्तनपान’ धरत नाहीत. अपवाद फक्त ओआरएस आणि औषधं-जीवनसत्त्वांचे थेंब किंवा सिरप यांचा. साधं पाणीसुद्धा चालत नाही.

घुटीचं विचारताना “घुटी देता का?” एवढ्यावर थांबू नका, कारण “हो, पण ती काय खाणं नाही” असं उत्तर येतं आणि नोंद करणारी पुढे जाते. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम यांचे किती वेढे घेतले, ते आईच्या दुधात उगाळलं की पाण्यात, मध घातला का, हे विचारा. पाणी किंवा मध असेल तर बाळाच्या पोटात दुधापलीकडचं काहीतरी गेलं. मधाबद्दल एक गोष्ट नोंदीच्या पलीकडे जाऊन सांगावीच लागते: वर्षाच्या आत मध नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हे मुलाखत संपल्यावर सांगा.

बाळ अर्धं सांडतं, अर्धं थुंकतं. मग किती खाल्लं धरायचं?

वाढलेलं वजा उरलेलं वजा सांडलेलं. अंदाजच असणार, पण तिन्ही रकाने वेगळे भरा. उरलेलं मऊभात-मेतकूट बहुतेक वेळा आईच संपवते, म्हणून ते तिच्या नोंदीत जातं. ही एक फट भल्याभल्यांच्या नोंदीत असते.

उपवासाचा दिवस नोंदवायचा का?

हो, जसाच्या तसा. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि चहा खाल्ला असेल तर गट दोनच भरतील, तेही दाणे सढळ हातानं घातले असतील तर. श्रावणात एखादी गरोदर बाई आठवड्यातले दोन-तीन दिवस असं खात असेल तर तो तिचा खरा आहार आहे, अपवाद म्हणून वगळला तर चित्र खोटं होईल. बारसं, लग्न, आजारपण अशा दिवशी मात्र अ‍ॅपमध्ये ‘नेहमीसारखा दिवस नव्हता’ ही खूण करा. आठवडी बाजारानंतरचा दिवस आणि बाजाराच्या आदला दिवस यांत भाज्यांचा फरक पडतो, म्हणून सगळ्या भेटी एकाच वारी नकोत.

आमच्याकडचे पदार्थ यादीतच नाहीत.

असं बरेचदा होतं, आणि ते अ‍ॅपचं सर्वांत लंगडं अंग आहे. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात टाकळा, शेवळं, करटोली खाल्ली जातात. मेळघाटात, धडगावात, भामरागडात आणखी वेगळं. यादीत ते नसलं की नोंद करणारी ‘इतर भाजी’ दाबते. टाकळा गडद हिरवी पालेभाजी आहे, ती ‘इतर’मध्ये गेली की अख्खा गट हरवला.

काम सुरू करण्यापूर्वी गावातल्या चार बायकांना सोबत घेऊन यादी करा. एकाच वस्तूची सगळी नावं त्यात घाला: नाचणी आणि नागली, वरी आणि भगर, हळीव आणि अळीव, चुरमुरे आणि मुरमुरे. कोणतंही नाव टाइप केलं तरी एकाच पदार्थावर पोचता आलं पाहिजे. कोरकू, पावरी, वारली, माडिया बोलणाऱ्या घरांत तिथलंच नाव लिहून घ्या आणि पानाचा फोटो काढा, नंतर ओळख पटवता येते.

फोटो काढला तर अ‍ॅप आपोआप ओळखत नाही का?

केळं, अंडं, भाकरी ओळखतं. आमटीत डाळ किती आणि तेल किती, हे फोटोत कोणालाच दिसत नाही, माणसालाही नाही. स्टीलच्या खोल वाटीत तर वरची तर्रीच दिसते. फोटो आठवणीला आधार म्हणून घ्या. रात्रीच्या अंधारात, एका ताटात चौघं जेवत असताना तोही उपयोगाचा नाही.

अ‍ॅपनं दाखवलेले कॅलरी, लोह, कॅल्शियमचे आकडे खरे मानावेत का?

ते आकडे कोणत्या कोष्टकातून आलेत हे आधी बघा. आपल्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ची भारतीय अन्नघटक कोष्टकं हा भरवशाचा आधार आहे. त्यात ५२८ खाद्यपदार्थांचं पृथक्करण आहे. लोकप्रिय परदेशी अ‍ॅपमध्ये ‘भाकरी’ शोधली तर वापरणाऱ्यांनीच भरलेल्या पाच-सहा नोंदी समोर येतात आणि कुणाचा मेळ कुणाशी नसतो. परदेशात राहणाऱ्या मराठी आयांकडून ही तक्रार वारंवार येते. त्यांनी पदार्थ न शोधता घटक शोधावेत, म्हणजे भाकरीऐवजी ज्वारीचं पीठ, इतके ग्रॅम.

कोष्टक बरोबर असूनही फसगत होते ती अशी. त्या कोष्टकात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. बाळाच्या खिरीत ३० ग्रॅम नाचणी गेली तर साधारण ११० मिलिग्रॅम. पण आईनं वापरलं ते नाचणीचं सत्त्व असेल, म्हणजे भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून वाळवलेलं, तर कॅल्शियमचा मोठा वाटा सालीसोबत चोथ्यात राहून गेलेला असतो. अ‍ॅपला पीठ आणि सत्त्व यांतला फरक तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. “नाचणी दिली” या उत्तरावर “पीठ की सत्त्व?” हा प्रश्न ठरलेला असू द्या.

गरजेचे आकडेही भारतीयच वापरा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२०च्या शिफारशींनुसार गरोदरपणात रोज ३५० किलोकॅलरी जास्त लागतात, पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत ६००, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. गरोदरपणात लोहाची गरज २७ मिलिग्रॅम धरली आहे. जुन्या अ‍ॅपमध्ये अजून ३५ असतं.

लोहाच्या गोळ्या यात धरायच्या का?

वेगळ्या रकान्यात. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती अन्नाच्या बेरजेत मिसळली तर ताट कितीही रिकामं असलं तरी अ‍ॅप हिरवा रंग दाखवील. आणि “गोळ्या मिळाल्या का?” ऐवजी “काल घेतलीस का?” असं विचारा. रिकामी पाकिटं बघायला मागितली तर काही जणींना तो अविश्वास वाटतो. तिथे ताणू नका.

किती दिवसांची नोंद हवी?

गावाची किंवा गटाची सरासरी काढायची तर प्रत्येकीचा एक दिवस चालतो. एखादीचा नेहमीचा आहार म्हणून काही बोलायचं तर एका दिवसावरून बोलू नये; निदान काही जणींची नोंद थोड्या दिवसांच्या अंतरानं, लागून नसलेल्या दिवशी, पुन्हा घ्यावी लागते.

माझे तीनच गट भरले आणि अ‍ॅपनं लाल खूण दाखवली. मी कुपोषित आहे का?

नाही, त्यावरून तसं म्हणता येत नाही. पाच गटांची मोजपट्टी लोकसमूहाचा आहार तपासायला बनवली आहे. एका बाईच्या एका दिवसावर निकाल द्यायला ती बनलेलीच नाही, आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांनी अशी लाल खूण ठेवू नये असं आमचं ठाम मत आहे. तुमचं हिमोग्लोबिन आणि वजनवाढ तपासणीतून कळेल. बाळाचं वजन माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात पाहा. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर अ‍ॅप उघडत बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

रेंज नसते. माहिती हरवली तर?

ऑफलाइन चालणारं अ‍ॅप घ्या, प्रत्येक मुलाखत संपली की ‘सेव्ह’ झाली का ते तपासा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवा. ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबं फडावर असतात, तिथे हे रोजचंच. सोबत वही असू द्या. मोबाइलची बॅटरी संपली म्हणून बाईला दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारलं तर ती पहिल्यापेक्षा चांगलं ताट सांगते.

ही माहिती पुढे कुणाकडे जाते?

विचारायलाच हवं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. प्रकल्पासाठी नोंद करत असाल तर नाव आणि फोन नंबर एका यादीत, आहार दुसऱ्या यादीत, मध्ये फक्त क्रमांक. खाजगी अ‍ॅप वापरणाऱ्या आयांनी परवानग्यांचं पान एकदा उघडून बघावं: आहार लिहायला संपर्कयादी आणि ठिकाण कशाला लागतं? बाळाच्या पावडरच्या जाहिराती दाखवणारं अ‍ॅप तर काढूनच टाका. शिशु दुग्ध पर्यायी पदार्थांच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२च्या कायद्यानं बंदी आहे.

नोंद घेता घेता सल्ला द्यावा का?

मधेच नाही. “अगं, पालेभाजी खायला हवी ना!” असं एकदा म्हणालात की पुढच्या प्रत्येक उत्तरात पालेभाजी येईल. सगळं भरून झालं, मोबाइल पिशवीत गेला, की मग बोला. आणि तेव्हाही तिच्या ताटात जे होतं तिथूनच सुरुवात करा. वरच्या संवादातल्या बाईला सफरचंद सांगून उपयोग नाही. पिठल्यात मेथी किंवा शेवग्याचा पाला घालता येईल का, बोरांच्या हंगामानंतर काय मिळतं, अंडं घरात येतं का आणि आलं तर कुणाच्या ताटात जातं, हे बोलता येतं.

आई कामावर असते, बाळाला आजी भरवते. कुणाला विचारायचं?

ज्यानं भरवलं त्याला. आई सकाळ-संध्याकाळचं सांगेल, दुपारचं आजी, आणि अंगणवाडीत किंवा पाळणाघरात जात असेल तर तिथल्या ताई. बाबा भरवत असतील तर बाबा, पण “ते बायकांचं आहे, तिला विचारा” या उत्तरावर लगेच उठू नका. शाळेच्या रस्त्यावर घेऊन दिलेलं कुरकुऱ्यांचं पाकीट बहुधा त्यांच्याचकडून कळतं. वेगवेगळ्या माणसांकडून आलेले घास एकाच दिवसाच्या पानावर, वेळेच्या क्रमानं लावा आणि कोणता भाग कुणी सांगितला ते शेजारी लिहा.